सकाळीं ओसरणारा रोग

संध्याकाळीं ताप १०२ अंशांच्या वर चढावा, अंगावर फिकट गुलाबी पुरळ उठावें, सांधे ठणकावे. आणि सकाळीं डॉक्टर येईपर्यंत ताप व पुरळ दोन्हीं ओसरून जावीं, असा स्टिलचा रोग नांवाचा एक विरळा विकार आहे. मोठ्या घरांत अशा रोग्याविषयीं, विशेषतः ती सून असल्यास, ‘सोंग’ हा शब्द लवकर उच्चारला जातो. तो अन्याय होय. हा चढउतार हेंच या रोगाचें लक्षण आहे.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनीं १८९७ सालीं २२ मुलांच्या सांधेदुखीचें वर्णन प्रसिद्ध केलें. प्रौढांसहि हा रोग होतो, हें डॉ. एरिक बायवॉटर्स यांनीं १९७१ सालीं १४ रोग्यांवरून दाखविलें. यांत शरीराची संरक्षक शक्ति बाहेरचा शत्रु नसतांनाच भडकते. कोणत्याहि एका तपासणीनें निदान ठरत नाहीं. जंतुदोष, रक्ताचा कर्करोग इत्यादि कारणें आधीं वगळावीं लागतात. म्हणून घरच्यांनीं दर चार तासांनीं ताप लिहून ठेवावा व पुरळ दिसतांच त्याचें छायाचित्र घ्यावें. डॉक्टरांस याचा मोठा उपयोग होतो.

सौम्य रोगास आयबुप्रोफेनसारखीं दाहशामक औषधें कधीं पुरतात. एरव्हीं प्रेडनिसोलोन हें स्टिरॉइड देतात. पण तें दीर्घकाळ घेतल्यास हाडें ठिसूळ होतात व रक्तांतील साखर वाढते. तें कमी करतां यावें म्हणून मेथोट्रेक्सेट, किंवा दाह भडकविणारीं द्रव्यें थोपविणारीं अनाकिन्रा व टोसिलिझुमॅब हीं इंजेक्शनें योजतात. टोसिलिझुमॅबपूर्वीं क्षयाची तपासणी आवश्यक असते.

येथें घरच्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बरें वाटलें म्हणून स्टिरॉइड एकदम बंद करूं नये. मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतल्यास तें प्राणघातक ठरूं शकतें, आणि गर्भवतीस तर तें वर्ज्यच आहे. तसेंच ताप उतरेनासा झाला, रक्तस्राव होऊं लागला किंवा रोगी गुंगींत गेला, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

औषध डॉक्टरांनीं द्यावयाचें. विश्वास मात्र घरानेंच द्यावयाचा असतो, असें आम्हांस वाटतें.