क्लिपर्टन : मालक आहे, माणूस नाही

मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून नैर्ऋत्येला हजारावर किलोमीटर गेल्यावर प्रशांत महासागरात जमिनीचं एक बारीक कडं लागतं. हेच क्लिपर्टन. घेर सुमारे बारा किलोमीटर, जमीन जेमतेम दोन चौरस किलोमीटर. धड बंदर नाही, त्यामुळे आजही फुटत्या लाटांतूनच होडी काठाला लावावी लागते.

ज्वालामुखीचा डोंगर खचत जातो, त्याच्या काठाने प्रवाळ वाढत राहतं, आणि शेवटी मधोमध फक्त पाणी उरतं. कंकणाकृती प्रवाळद्वीप घडतं ते असं. क्लिपर्टनवर मात्र तो डोंगर पुरता बुडालेला नाही. आग्नेयेला २९ मीटर उंचीचा एक ओबडधोबड सुळका अजून उभा आहे. आतल्या सरोवराला पूर्वी समुद्राकडे वाटा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या बुजल्या. आता वर पावसाचं पाणी साठतं, आणि खोल तळाशी सडक्या अंड्यांसारखा वास मारणारा विषारी हायड्रोजन सल्फाइड.

बेटाला नाव मिळालं ते जॉन क्लिपर्टन या इंग्रज चाच्याचं. फ्रेंच खलाशांनी १७११ मध्ये गुड फ्रायडेच्या दिवशी या बेटाची नोंद केली आणि १८५८ मध्ये फ्रान्सने हक्क सांगितला, पण वस्ती केली नाही. पुढे पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनणाऱ्या खताच्या मागे अमेरिकी कंपन्या आल्या. १८९७ मध्ये मेक्सिकोने ताबा घेतला. मग दीपगृह उभं राहिलं, सैनिक आणि खाणकामगार बायकामुलांसह राहू लागले. वस्ती शंभराच्या आसपास गेली.

त्यांचं धान्य, भाजीपाला सगळं अकापुल्कोहून जहाजाने यायचं. १९१४ मध्ये मेक्सिकोतल्या यादवीत ही जहाजं थांबली. एका अमेरिकी जहाजाने लोकांना घेऊन जायची तयारी दाखवली, पण तळाचे प्रमुख कॅप्टन रामोन आर्नो यांनी ठाणं सोडलं नाही. उरले मासे, पक्ष्यांची अंडी आणि मोजके नारळ. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, सांधे सुजले. स्कर्व्हीने एकेक माणूस जाऊ लागला. १९१५ मध्ये दूरवर जहाज दिसलं म्हणून आर्नो होडी घेऊन निघाले आणि बुडाले. शेवटी पुरुष उरला एकच, दीपगृहाचा रखवालदार व्हिक्टोरियानो आल्वारेझ. त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि त्या बायकांवर अनन्वित अत्याचार केले. जुलै १९१७ मध्ये त्यांच्यातल्याच तिर्सा रेंदोन हिने त्याला ठार मारलं. त्याच सुमारास ‘यॉर्कटाउन’ ही अमेरिकी युद्धनौका तिथे पोचली आणि चार स्त्रिया व सात मुलं जिवंत परतली.

बेट कुणाचं, हा वाद फ्रान्स आणि मेक्सिकोने १९०९ मध्येच इटलीच्या राजाकडे सोपवला होता. निकाल लागला जानेवारी १९३१ मध्ये, फ्रान्सच्या बाजूने. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात तो आजही शिकवतात. त्याच पानावर तिर्साचंही नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तिथे काही काळ हवामान केंद्र चालवलं. त्यानंतर कायमची वस्ती झाली नाही, पण माणसांनी आणलेली डुकरं मागे राहिली होती. ती खेकडे आणि पक्ष्यांची अंडी फस्त करायची. १९५८ मध्ये एका अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञाने ५८ डुकरं गोळ्या घालून संपवली. मग जमिनीवरचे नारिंगी खेकडे बेसुमार वाढले, त्यांनी कोवळी रोपं खाऊन जमीन उघडी केली, आणि नेमक्या अशाच मोकळ्या जागेत घरटी करणारे मास्क्ड बूबी पक्षी काही शेकड्यांवरून लाखाच्या घरात गेले. जगातल्या त्यांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींत क्लिपर्टनची गणना होते.

या शतकाच्या तोंडावर फुटलेल्या जहाजांतून उंदीर बेटावर उतरले. खेकडे कमी झाले, गवत-झुडपं पसरू लागली आणि बूबींची जागा आक्रसू लागली. या ठिपक्याच्या जोरावर फ्रान्स भोवतालच्या चार लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्रावर आर्थिक हक्क सांगतो. तेव्हा हे उंदीर हटवण्याची जबाबदारीही फ्रान्सचीच आहे.