वेरूळचे ऊन आणि चित्रांची साक्ष

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख कड्यात कोरलेली आहेत. त्यामुळे कैलासाचा दर्शनी भाग सकाळी डोंगराच्या सावलीत असतो. त्यावर ऊन येते ते दुपारी. जागेवर बसून जलरंगात चित्र काढणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. शिल्पांचा उठाव दाखवणारा प्रकाश आणि दिवसातली सर्वाधिक उष्णता बरोबरच येतात.

जलरंग म्हणजे रंगद्रव्य, डिंक आणि पाणी. पातळ रंगाचा थर एकसारखा बसण्यासाठी त्याची कड ओली असतानाच पुढचा हात तिला मिळावा लागतो. वैशाखातल्या कोरड्या उन्हात ही कड पाहता पाहता सुकते. कडेचे पाणी आधी उडते, त्याची जागा घ्यायला आतले पाणी तिकडे वाहते आणि रंगाचे कण सोबत नेते. थराभोवती गडद रेघ उमटते. कातळात नसलेली भेग कागदावर दिसू लागते.

आजच्या रंगांत ओल धरून ठेवणारे ग्लिसरीन असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र कडक वड्या पाण्यात उगाळाव्या लागत. अशा वेळी खरा उपाय कामाच्या क्रमात असतो. सावलीत पेन्सिलीने मापे आणि रेषा घ्यायच्या. ऊन येताच छायांच्या सीमा आखायच्या, कारण सूर्य तासाला 15 अंश सरकतो. मग एकाच करड्या रंगाने त्या छाया लहान लहान तुकड्यांत भरायच्या. उरलेले रंग मुक्कामी परतल्यावर.

जुनी चित्रे पुरावा म्हणून वाचताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो. पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम तांबट याने वेरूळची चित्रे काढली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यानेही काढली. वेल्स 1795 मध्ये वारला. त्याच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने 24 छापचित्रांचा संच लंडनहून प्रसिद्ध केला तो 1803 मध्ये. त्यांवरचे रंग पाहायला वेल्स हयात नव्हता.

कैलासावर आजही रंगीत गिलाव्याचे अवशेष आहेत. त्या काळी तो किती शिल्लक होता, हे छापचित्राच्या रंगावरून ठरवणे धोक्याचे. स्तंभ कुठे तुटला होता, हे मात्र जागेवर काढलेल्या मूळ रेखाटनाला विचारता येते. एकाच चित्रातली रेषा आणि रंग वेगवेगळ्या वेळचे, कधी वेगवेगळ्या हातांचेही असतात. त्यांची साक्ष वेगवेगळीच नोंदवायला हवी.