दहा हजार ल्युमेन्सचा अंधार!

‘बॅटरी घेतलीस ना?’ ट्रेकला निघताना आईचा ठरलेला प्रश्न. (आमच्या घरात टॉर्चला बॅटरीच म्हणतात.) ‘घेतलीय गं!’ म्हणत मी सॅक पाठीला लावली. लोकलमध्ये दोनशे रुपयांत पटकावलेला झूमवाला टॉर्च. खोक्यावर छापलेलं, १०,००० ल्युमेन्स. बोला!

जुलैतला शनिवार, कळसूबाई. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून रात्री एकला निघालो. धो धो पाऊस. लोखंडी शिडीच्या मध्यावर टॉर्चनं दोनदा डोळे मिचकावले आणि मान टाकली. माझ्या खाली दोन पायऱ्यांवर मैत्रीण, तिचा पहिलाच ट्रेक. ‘पाय कुठे ठेवू?’ ती विचारत होती आणि मला माझाच पाय दिसत नव्हता. दहा मिनिटं आम्ही पालीसारखे चिकटून. शेवटी लीडर माघारी आला, एकेका पायरीवर उजेड धरून त्यानं तिला वर घेतलं. त्यानंतर ती ट्रेकला आलेली नाही.

घरी आल्यावर मी तो टॉर्च उघडला. झाकणाला रबरी रिंगच नाही. सेलवर ९,९०० एमएएच! १८६५० नावाचा हा सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एवढ्याशा नळीत चांगल्या कंपन्यांनाही साधारण साडेतीन हजार एमएएच बसवताना घाम फुटतो. म्हणजे थापच की!

मग थोडा गृहपाठ केला. तुम्हीही करा.

पहिलं, खोक्यावर ‘एएनएसआय एफएल १’ लिहिलंय का, बघा. २००९ साली आलेलं हे टॉर्च मोजण्याचं प्रमाण. ल्युमेन्स म्हणजे एकूण उजेड. झोत किती दूर जातो, हे वेगळं गणित. अंतर दुप्पट हवं तर झोताची तीव्रता चौपट लागते. आणि या प्रमाणात ते अंतर मोजतात चांदण्याइतका मंद उजेड उरेपर्यंत. म्हणजे २०० मीटर लिहिलं, तर तिथे पेपर वाचता येणार नाही, राव!

दुसरं, ‘टर्बो’वर भाळू नका. जोरदार उजेड म्हणजे जोरदार उष्णता. चांगला टॉर्च काही मिनिटांत स्वतःच उजेड कमी करतो. तासन्‌तास टिकणारे ३०० ल्युमेन्स पायवाटेला पुष्कळ.

तिसरं, पाणी. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालू. सह्याद्रीतल्या पावसात याहून कमी नकोच.

चौथं, जादा सेल जवळ ठेवा, पण डबीत. खिशातल्या किल्ल्यांशी लिथियम सेलची दोस्ती झाली, तर शॉर्टसर्किट ठरलेलं. आणि धुक्यात हेडलॅम्पचा उजेड डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो. तेव्हा टॉर्च कमरेच्या खाली धरा, वाट दिसते.

अडीच हजार मोजले, तेव्हा आई म्हणाली, ‘एवढ्यात मिक्सर दुरुस्त झाला असता!’ झाला असता. पण शिडीवर मिक्सर कामाला येत नाही.

खरं तर पाच हजार गेले. दोन घेतले, दुसरा तिच्यासाठी. ‘पुन्हा येशील?’ विचारलं. अजून ‘हो’ म्हणाली नाहीये.

पण टॉर्च मात्र ठेवून घेतलाय!