‘आजीची पेशी’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंदूत प्रत्येक ओळखीच्या वस्तूसाठी आणि व्यक्तीसाठी एकेक चेतापेशी राखून ठेवलेली असते, आजी दिसली की ‘आजीची पेशी’ चेतते आणि ती नष्ट झाली तर आजीची ओळखही पुसली जाते, अशी समजूत बरीच रूढ आहे. वस्तुतः हा शब्दप्रयोग शोधातून नव्हे, तर थट्टेतून आला: जेरोम लेटविन यांनी १९६९ मध्ये एमआयटीतील विद्यार्थ्यांना, रुग्णाच्या मेंदूतून आईशी निगडित तेवढ्याच पेशी वेचून काढणाऱ्या आणि मग आजीच्या पेशींकडे वळणाऱ्या एका काल्पनिक शल्यविशारदाची गोष्ट सांगितली होती.

थट्टेला पार्श्वभूमी मात्र खऱ्या प्रयोगांची होती. ह्यूबेल आणि वीझेल मांजराच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या आणि डोळ्यांचे संदेश ग्रहण करणाऱ्या भागाचा, अभ्यास करत असताना एक पेशी काचपट्टीवरील ठिपक्याला काही केल्या दाद देईना. पण पट्टी बदलताना तिच्या कडेची पुसट सावली डोळ्यापुढून सरकली, तशी ती एकाएकी जोराने स्पंदू लागली. अशा पेशी विशिष्ट कल असलेल्या रेषेला प्रतिसाद देतात, हा १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुढे १९८१ च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचला. चार्ल्स ग्रॉस यांना तर माकडाच्या टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानशिलाच्या आतील भागात, हाताच्या आकृतीला सर्वाधिक प्रतिसाद देणारी पेशी आढळली. रेषेनंतर हात सापडल्यावर आजीही सापडेल, असे वाटणे स्वाभाविकच होते.

२००५ मध्ये ती सापडल्याचा गवगवा झाला. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून क्विरोगा आणि सहकाऱ्यांना हॅली बेरी या अभिनेत्रीच्या छायाचित्रांनाच नव्हे, तर तिच्या लिखित नावालाही प्रतिसाद देणारी पेशी मिळाली. नुसते नाव वाचूनही ती चेतते, याचा अर्थ तिचा संबंध रूपापेक्षा स्मरणाशी अधिक आहे. शिवाय अभिनेत्री जेनिफर ॲनिस्टनला प्रतिसाद देणारी पेशी तिच्याच दूरचित्रवाणी मालिकेतील सहअभिनेत्री लिसा कुड्रोलाही प्रतिसाद देताना आढळली. तेव्हा एक पेशी म्हणजे एक व्यक्ती, हे समीकरण टिकत नाही आणि खुद्द संशोधकांनीही तसा दावा केला नव्हता.

पुढे चँग आणि त्साओ यांनी २०१७ मध्ये दाखवले की माकडाच्या मेंदूतील चेहऱ्यांना प्रतिसाद देणारी प्रत्येक पेशी चेहऱ्याच्या ठेवणीतील एखाद्याच वैशिष्ट्यसमूहाचे जणू मोजमाप करते, आणि केवळ २०५ पेशींच्या एकत्रित नोंदींवरून माकडाला दाखवलेला चेहरा बऱ्याच अचूकपणे पुन्हा रेखाटता येतो.