घारापुरी
महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील (उरण तालुका) शैव लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेले बेट. मुंबई बंदरात गेटवे ऑफ इंडियाच्या पूर्वेस सु. १० किमी.वर असून तेथून लाँचने सु. एका तासात जाता येते. येथील दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्यास आहे. सहाव्या शतकातील मुख्य लेण्याच्या दक्षिण भिंतीत सु. ५·५ मी. उंचीची त्रिमुखी सदाशिवमूर्ती असून ती बरीच सुस्थितीत आहे. इतर शिल्पांची मात्र मोठी मोडतोड झाली आहे. यूनेस्कोने १९८७ मध्ये ही लेणी जागतिक वारसा म्हणून घोषित केली. शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर या वस्त्यांतील लोक मासेमारी, भातशेती व पर्यटनावर उपजीविका करतात. महानगराचे दिवे समोर दिसत असूनही या वस्त्यांत समुद्राखालील केबलद्वारे वीज पोहोचली ती २०१८ मध्ये.