तपासणी होईपर्यंत पोळी

टाइप वन मधुमेह असलेल्या माणसाला वर्षातून एकदा डॉक्टर तपासण्यांची जी लांबलचक चिठ्ठी देतात, ती मला पाठ आहे. एचबीए१सी, टीएसएच, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांचे पडदे. गेल्या वर्षी त्यात एक ओळ जास्त होती: टीटीजी-आयजीए, आणि तिच्याखाली टोटल आयजीए. लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने ती ओळ पुन्हा वाचली, कॉम्प्युटरमध्ये शोधली आणि म्हणाली, "मॅडम, ही टेस्ट आमच्याकडे नाही होत, बाहेर पाठवावी लागते. उशीर लागेल."

ओळ लिहिण्याला कारण होतं. माझं हिमोग्लोबिन दहाच्या आसपास अडकून बसलं होतं, लोहाच्या गोळ्यांना दाद देत नव्हतं. शिवाय जेवणातले कार्ब नीट मोजून, त्या हिशेबाने इन्सुलिन घेऊनही तासाभरात शुगर लो व्हायची आणि मग उशिरा, काही खाल्लेलं नसताना, चढायची. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दोन वक्ररेषा काढल्या. एक इन्सुलिनची, एक जेवणाची. आतडं अन्न वेळेवर शोषत नसेल तर पहिली रेषा आधी पोचते, दुसरी मागे राहते. "पोट दुखतं का? जुलाब? वजन?" यातलं काहीच नव्हतं. "नसतंच बऱ्याचदा," असं म्हणून त्यांनी सही केली. त्यांना संशय होता सीलिअ‍ॅकचा.

सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या, जवातल्या आणि राय या धान्यातल्या ग्लूटेनमुळे शरीराने स्वतःच्याच लहान आतड्यावर धरलेला डूख. 'हा पंजाब्यांचा आजार' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, काही दवाखान्यांतसुद्धा. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत उत्तर भारतात शंभरात साधारण एक आणि दक्षिणेत हजारात एक असं प्रमाण दिसलं. या आजाराला लागणारी जनुकं मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. आपण महाराष्ट्रातले या दोन्हींच्या मधे बसतो. भाकरीवर वाढलेल्या घरांत आता दोन्ही वेळा पोळी असते.

मधुमेह्यांच्या ताटात तर ती जरा जास्तच असते. मला लहानपणी मधुमेह झाला तेव्हा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आईला एकच सल्ला दिला होता: हिचा भात बंद करा, पोळी द्या. मग दलियाची खिचडी, गव्हाचा ब्रेड, प्रवासात दशम्या. भाताला आमच्या घरात वर्षानुवर्षं गुन्हेगारासारखं वागवलं गेलं. पण या दोन आजारांचं नातं ताटापुरतं नाही. टाइप वन आणि सीलिअ‍ॅक या दोन्हींमागे एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही एकाच कुळातली जनुकं असतात. जगभरचा हिशेब घेतला तर टाइप वन असलेल्या शंभर माणसांत साधारण पाच-सहा जणांना सीलिअ‍ॅकही असतो. म्हणून मधुमेहाचं निदान होताच ही तपासणी करावी, दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी पुन्हा करावी, त्रास असो वा नसो, असं मुलांच्या मधुमेहावरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. माझं निदान झालं तेव्हा इथे या तपासणीचं कुणी नावही घेत नव्हतं.

रक्त नेहमीसारखंच काढतात. पिवळ्या झाकणाची नळी, उपाशी राहायची गरज नाही. पुढचं काम प्रयोगशाळेतल्या लहान-लहान खळग्यांच्या प्लेटवर होतं. खळग्याच्या तळाशी टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजेच टीटीजी, हे विकर चिकटवलेलं असतं. माझ्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर ती त्याला धरून बसतात आणि रंग उमटतो. रंग जितका गडद तितका आकडा मोठा. सीलिअ‍ॅकमधली प्रतिपिंडं नेमकी याच विकरावर उठतात, हे १९९७ साली जर्मनीत दीटरिख, शुपान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. तोवर ही तपासणी माकडाच्या अन्ननलिकेच्या पातळ कापांवर, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून करावी लागे.

टोटल आयजीएची जोडओळ दिसायला फालतू वाटते आणि पैसे वाचवायला बरेच लोक तीच खोडून टाकतात. ती खोडू नये. आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, आणि ही तपासणी त्याच प्रकारची प्रतिपिंडं शोधते. सीलिअ‍ॅकच्या शंभरातल्या दोघा-तिघांच्या शरीरात आयजीए जवळजवळ बनतच नाही. त्यांचा टीटीजी-आयजीए नॉर्मलच येणार, आतडं कितीही बिघडलेलं असो. मग आयजीजी या दुसऱ्या प्रकारावर आधारलेल्या वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात.

माझा आयजीए ठीक होता. टीटीजी वरच्या मर्यादेच्या चौपट.

इथे टाइप वन मधे येतो. मधुमेहाच्या निदानाच्या सुमाराला टीटीजी थोडा वाढलेला सापडतो आणि गहू खात असतानाच काही महिन्यांत आपोआप खाली येतो, असं बऱ्याच मुलांत पाहिलेलं आहे. त्यामुळे किंचित वाढलेल्या आकड्यावर लगेच शिक्का मारत नाहीत, थांबून पुन्हा रक्त घेतात. दुसऱ्या टोकाला, मुलांमधे आकडा मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर युरोपातले बालरोगतज्ज्ञ बायॉप्सीशिवायही निदान करतात. चौपट आकड्याची प्रौढ बाई यांपैकी कुठेच बसत नाही. पुन्हा घेतलेल्या रक्तातही आकडा हलला नाही, तेव्हा गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी एन्डोस्कोपीची तारीख दिली. जनुकांची चाचणी करू का, असं मी विचारलं. ते हसले. ती जनुकं आपल्याकडे दर तीन माणसांत एकाकडे असतात. नसली तर सीलिअ‍ॅक जवळपास नाहीच म्हणता येतं. असली तर काहीच कळत नाही.

"आणि हो, तोवर पोळी सोडू नका." हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून खाली रेघ मारली.

या सगळ्या प्रक्रियेत माणसं चुकतात ती इथे. संशय आला की घरातली पहिली हालचाल गव्हाचा डबा वरच्या फळीवर ठेवण्याची असते. काही दिवसांत बरं वाटायला लागतं, मग महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणतं की एकदा तपासून घ्या. तोवर प्रतिपिंडं उतरू लागलेली असतात, आतड्याचं अस्तर भरून येऊ लागलेलं असतं आणि रिपोर्ट धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. मग पुन्हा गहू सुरू करा, किमान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत, आणि पुन्हा रांगेत उभे राहा. बरं वाटू लागलेल्या माणसाला हे करायला सांगणं किती अवघड असतं ते डॉक्टरांनाच विचारा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने ते नाकारलंच. तो आज गहू खात नाही आणि का खात नाही हे कागदावर कुठेच नाही.

मी पोळी खात राहिले. आईला ते सोसेना. "विष आहे कळल्यावर वाढायचं कसं गं?" असं म्हणून ती पोळी माझ्या ताटात न वाढता डबाच समोर ठेवू लागली.

एन्डोस्कोपीच्या छापील सूचनांत एक वाक्य होतं: सकाळची मधुमेहाची औषधं घेऊ नयेत. गोळ्यांवर असलेल्या माणसाला ते ठीक. टाइप वनने इन्सुलिन पूर्ण बंद केलं तर उपाशीपोटीसुद्धा काही तासांत केटोन वाढू लागतात आणि प्रकरण आयसीयूपर्यंत जाऊ शकतं. माझ्या डॉक्टरांनी त्या वाक्यावर काट मारून हाताने लिहिलं: रात्रीचं बेसल इन्सुलिन घ्यायचं, वीस टक्के कमी करून, जेवणाचं इन्सुलिन सकाळी नाही, नंबर पहिला मागून घ्यायचा, लो झाली तर साखरपाणी चालेल, दूध नाही. टाइप वनच्या माणसाने हा कागद शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रापेक्षा जपून ठेवावा, असं माझं मत आहे. पहाटे शुगरचा सेन्सर वाजलाच. ६८ आणि खाली जाणारा बाण. साखरपाण्याचे चार घोट, आणि वॉर्डात पोचल्यावर नर्सला ते प्रामाणिकपणे सांगितलं. तिने वेळ लिहून घेतली, दोन तास उलटून गेलेत याची खात्री केली आणि मगच आत घेतलं.

भूल नको, फक्त घशाला फवारा द्या, असं मी सांगितलं होतं. पडदा बघायचा होता. डाव्या कुशीवर, दातांत प्लॅस्टिकचं कडं, हनुवटीखाली टॉवेल. फोन एका सिस्टरच्या हातात दिला होता आणि ती अधूनमधून त्यावरचा शुगरचा आकडा मोठ्याने वाचत होती. नळी घशातून जाताना जी उबळ येते तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. नाकाने श्वास घेत राहिलं की ती ओसरते. जठर पटकन मागे पडलं. मग लहान आतड्याचा पहिला फुगीर भाग आणि वळणानंतर दुसरा. निरोगी आतड्यात इथे आडव्या, गुबगुबीत वळ्या एकामागून एक दिसतात. माझ्या वळ्यांच्या कडा कातरल्यासारख्या होत्या. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त कॅमेरा जरा मागे घेऊन त्यांनी फोटो काढला.

नळीतून चिमटा आला. तो जबडा उघडतो, अस्तराला चावतो, ओढतो. दिसतं, पण दुखत नाही, कारण तिथे तशी संवेदनाच नाही. दर खेपेला एकच तुकडा. चिमटा आत ठेवूनच दुसरा तुकडा घेतला तर वेळ वाचतो, पण तुकडे चुरगळतात. दोन तुकडे पहिल्या भागातून, चार दुसऱ्यातून, कारण नुकसान सगळीकडे सारखं नसतं. टेक्निशियनने सुईच्या टोकाने प्रत्येक तुकडा चिमट्यातून सोडवून गाळणकागदावर उलगडून ठेवला आणि मग फॉर्मेलिनच्या बाटलीत सोडला. तिळाएवढा ऐवज, पण त्याची कुठली बाजू वर आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पूर्वीच्या लोकांना हे बघायलाच मिळत नव्हतं. नेदरलँड्समधल्या हेग शहरात विलेम कारेल डिके हे बालरोगतज्ज्ञ तीसच्या दशकापासून गव्हावर संशय धरून होते. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात ब्रेडच मिळेनासा झाला तेव्हा त्यांची आजारी मुलं सुधारली, आणि ब्रेड परत येताच पुन्हा बिघडली. पण आतड्यात नेमकं काय होतं ते जिवंत माणसात, पोट न फाडता बघण्याची सोय लंडनच्या मार्गो शायनर यांनी १९५६ साली केली. पुढच्या वर्षी क्रॉस्बीची कॅप्सूल आली: दोरीसारख्या नळीला बांधलेली धातूची गोळी गिळायची, ती आतड्यात उतरेपर्यंत वाट पाहत बसायचं, मग हवा खेचून आतलं पातं मिटवायचं. मुलांनासुद्धा. फवारा आणि काही मिनिटं यांत सुटल्याबद्दल मी तक्रार करू नये.

रिपोर्ट आल्यावर पॅथॉलॉजिस्ट बाईंना मी विचारलं की मला स्लाइड दाखवाल का. त्यांच्याकडे शिकवण्यासाठी दोघांनी एकदम बघायचा सूक्ष्मदर्शक होता. आधी त्यांनी एका निरोगी आतड्याची स्लाइड लावली: बोटांसारखे उंच, बारीक अंकुर, खालच्या खड्ड्यांच्या तिप्पट उंच. मग माझी. अंकुर होते, पण आखूड आणि जाड, खड्डे लांबलेले. पृष्ठभागाच्या पेशींमधे निळे ठिपके दाटले होते. शंभर पेशींमागे पंचवीसपेक्षा जास्त असे लिम्फोसाइट दिसले की त्या सावध होतात. "तुकडा तिरपा कापला गेला तर चांगलं आतडंही सपाट दिसतं," त्यांनी स्लाइड सरकवत सांगितलं, "म्हणून मी सहाही बघते." आपल्या देशात ट्रॉपिकल स्प्रू आणि जिआर्डियाही अंकुर झिजवतात, त्यामुळे नुसत्या स्लाइडवर त्या सीलिअ‍ॅक लिहीत नाहीत. रक्ताचा आकडा शेजारी ठेवला तेव्हाच त्यांनी नुकसानीची श्रेणी घालून लिहिलं: मार्श ३ए, सीलिअ‍ॅकशी सुसंगत.

निदानानंतरची व्यवस्था लांबलचक आहे. भाकरी सोपी, ती दळणं अवघड. गव्हामागून ज्वारी दळणाऱ्या गिरणीत पहिलं पायलीभर पीठ कुणाचं असतं हे गिरणीवालाही सांगू शकत नाही, म्हणून घरघंटी घेतली. डबीतल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे फोडणीसुद्धा तपासावी लागते. ग्लूटेन-फ्री छापायला किलोमागे वीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण त्या पाकिटातल्या बिस्किटांत तांदळाचं आणि मक्याचं स्टार्च इतकं असतं की माझी शुगर गव्हाच्या बिस्किटांपेक्षा उंच उडते. साबुदाण्याचं तर बोलूच नका. आतडं भरून येतं तसं अन्न पुरतं शोषलं जातं आणि इन्सुलिनची गरज बदलते, म्हणून पहिले काही महिने प्रत्येक डोस नव्याने बसवावा लागतो. टीटीजी पुन्हा बघायचा, हाडांची घनता मोजायची, लोह आणि ड जीवनसत्त्व मोजायचं. भात मात्र सन्मानाने परत आला आहे.

सख्ख्या नातेवाइकांनीही तपासून घ्यावं, कारण त्यांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. दादाला हे सांगायला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, आम्ही तुझ्यासाठी कालपासून सगळ्यांनी भाकरीच सुरू केलीय." त्याला म्हटलं, आधी रक्त दे, मग भाकरी. सोमवारी तो लॅबमधे जाणार आहे. तोवर वहिनी पोळ्या करते आहे.