नाव गावाचं, राखणही गावाचीच

दारूबंदीचे ठराव करणाऱ्या आम्ही आज वाइनवर बोलतोय, म्हणून हसू नका. पिण्याचं नाही, नावाचं सांगतोय.

फ्रान्सच्या दक्षिणेला, आव्हिन्यों शहराजवळ शातोनफ-द्यु-पाप नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंत राहायचे, त्यांनी इथं किल्ला बांधला. 'पोपचा नवा किल्ला' हाच गावाच्या नावाचा अर्थ. रानात माती कमी, गोटेच जास्त. दिवसा तापतात, रात्री वेलींना ऊब देतात. मिस्ट्रल नावाचा कोरडा वारा घडांवर ओल टिकू देत नाही. लाल वाइनसाठी ग्रेनाश ही इथली मुख्य जात.

शंभर वर्षांपूर्वी व्यापारी भलतीच वाइन या गावाच्या नावानं खपवू लागले. कष्ट एकाचे, गल्ला दुसऱ्याचा! १९२३ साली शेतकरी ल रुआ या वकील बागायतदाराकडे गेले. त्यांनी अट घातली, आधी तुम्ही सचोटीनं वागा. (आम्हाला हीच गोष्ट सगळ्यात आवडली.) मग संघ झाला, नियम झाले. थाइम आणि लव्हेंडर ही सुवासिक झुडपं जिथं उगवतात, तीच जमीन धरायची. खराब मणी काढून टाकायचे. आजही तोडणी हातानंच होते, यंत्र चालत नाही.

कोर्टकचेऱ्या दहा वर्षं चालल्या. १९३६ साली सरकारनं नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. आपल्याकडे जीआय मानांकन म्हणतात, त्याच जातीचं. पुढच्या वर्षी संघानं खास बाटलीही काढली, काचेवरच पोपचा मुकुट आणि चाव्या उठवलेली.